एका चाकाचा रथ

विमान उतरण्याच्या बेतात असताना यंत्रात बिघाड निघतो आणि तरीही सगळे प्रवासी सुखरूप जमिनीवर येतात, तेव्हा दोन वाक्ये एकाच तोंडून निघतात: ‘देवाने वाचवले’ आणि ‘पायलटने वाचवले’. बोलणाऱ्याला त्यात काही विसंगत वाटत नाही. पण या दोन वाक्यांच्या मध्ये एक जुना आणि अवघड प्रश्न उभा आहे. घडणाऱ्या गोष्टीत दैवाचा वाटा किती आणि माणसाच्या प्रयत्नाचा किती? दोन्ही खरे असतील, तर आधी कोण आणि मागून कोण? भारतीय परंपरेत हा प्रश्न ‘दैव आणि पुरुषकार’ या नावाने ओळखला जातो. पुरुषकार म्हणजे माणसाने स्वतः केलेला प्रयत्न.

कोलकात्याच्या पूर्व अंगाला राजारहाट भागात आखून वसवलेल्या न्यू टाउनमध्ये हा प्रश्न पुस्तकात शोधावा लागत नाही. दमदमचा नेताजी सुभाषचंद्र बोस आंतरराष्ट्रीय विमानतळ शेजारीच आहे. उतरणीला लागलेली विमाने इथल्या उंच इमारतींमधून रोज दिसतात. ३० ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोलकात्याहून बेंगळुरूकडे निघालेले एक प्रवासी विमान डाव्या इंजिनातील बिघाडामुळे उड्डाणानंतर याच विमानतळावर परत आले. त्यासाठी विमानतळावर ‘फुल इमर्जन्सी’ जाहीर झाली आणि विमान सुखरूप उतरल्यावर ती मागे घेतली गेली. सकाळी उठलेल्या शहराला यातले काही जाणवलेही नसेल. तेवढ्या मिनिटांत दैव आणि प्रयत्न यांचे नाते मात्र पुन्हा एकदा तपासले गेले होते.

बिघाडाची वेळ

हे नाते समजण्यासाठी आधी कॉकपिटमध्ये काय चालते ते पाहायला हवे. उदाहरण चाकांचे घेऊ. बहुतेक प्रवासी विमानांत उड्डाणानंतर चाके पोटात ओढून घेतली जातात आणि तिथे ती यांत्रिक कुलपांनी अडकवलेली असतात. उतरण्यापूर्वी हायड्रॉलिक दाबाने, म्हणजे नळ्यांतून दाबाखाली फिरणाऱ्या तेलाच्या जोरावर, ती खाली आणली जातात. चाके पुरती खाली येऊन पक्की बसली की सहसा कॉकपिटमध्ये तीन हिरवे दिवे लागतात, नाकाखालच्या चाकांचा एक आणि दोन्ही बाजूंच्या चाकांचा एकेक. यातला एखादा दिवा लागला नाही, तर पहिला प्रश्न असतो की दोष चाकात आहे की दिव्यात. हायड्रॉलिक दाब गेला असेल, तर कुलपे वेगळ्या मार्गाने उघडून चाके स्वतःच्या वजनाने खाली पडू देण्याची सोय असते.

अशा वेळी वैमानिकांचा क्रम ठरलेला असतो. आधी विमान उडते ठेवायचे, मग ते कुठे न्यायचे ते पाहायचे आणि त्यानंतर बोलायचे. एक वैमानिक फक्त विमान सांभाळतो. दुसरा चेकलिस्ट उघडून एकेक ओळ मोठ्याने वाचतो आणि केलेली कृती तोंडाने सांगतो. धोका गंभीर असेल, तर रेडिओवर ‘मेडे’ हा शब्द तीनदा उच्चारला जातो. जमिनीवरचा हवाई वाहतूक नियंत्रक धावपट्टी मोकळी करतो, इतर विमाने लांब ठेवतो आणि अग्निशमन बंब आपापल्या जागी उभे राहतात. एअरबस ए-३२० किंवा बोइंग ७३७ यांसारख्या लहान जेट विमानांत इंधन हवेत सोडून देण्याची सोय नसते. वजन उतरवायचे, तर घिरट्या घालत इंधन जाळावे लागते. मागे केबिन क्रू प्रवाशांना वाकून डोके टेकवण्याची पद्धत समजावतो, धारदार वस्तू काढून ठेवायला सांगतो आणि आणीबाणीच्या दारांजवळ कोण बसले आहे ते पाहतो.

यात धाडसाची गोष्ट फारच थोडी आहे. बहुतेक भाग वाचन, तपासणी, वाट पाहणे आणि पुन्हा तपासणी एवढाच आहे. धर्मचर्चेत ज्याला ‘प्रयत्न’ म्हणतात, त्याचे प्रत्यक्ष रूप असे शांत आणि कंटाळवाणे असते. समर्थ रामदासांनी दासबोधात प्रयत्नाला देवत्वाच्या पायरीवर नेले, तिथेही त्यांचा भर नेटकेपणा, सावधपणा आणि सातत्य यांवरच आहे.

नागपूर ते मुंबई, ६ मे २०२१

महाराष्ट्राच्या आकाशात घडलेली एक घटना या प्रश्नासाठी फार बोलकी आहे. कोविडची दुसरी लाट ऐन भरात होती. बंगालमधील बागडोगराहून निघालेली एक एअर अ‍ॅम्ब्युलन्स नागपूरला थांबून पुन्हा उडाली. बीचक्राफ्ट जातीचे ते छोटे विमान होते आणि आत रुग्णासह ५ जण होते. नागपूरची धावपट्टी सोडताना विमानाचे एक चाक निखळून पडले.

विमान हवेत होते, इंजिने ठीक होती, दिशा ठीक होती. अडचण होती ती फक्त शेवटच्या काही सेकंदांत अंगावर येणारी. एका बाजूला आधार नसलेले विमान चाकांवर उतरवले, तर वेग पुरेसा असताना ते त्या बाजूला कलंडू शकते, धावपट्टीवरून भेलकांडू शकते. विमान मुंबईकडे वळवले गेले. छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळावर पूर्ण आणीबाणी जाहीर झाली आणि धावपट्टीवर फेसाचा थर पसरण्यात आला, जेणेकरून धातू घासून उडणाऱ्या ठिणग्यांना आग धरता येऊ नये. कॅप्टन केसरी सिंह यांनी चाके बाहेर काढलीच नाहीत. रात्री ९ वाजून गेल्यावर ते विमान पोटावर, फेसातून घसरत थांबले आणि पाचही जण सुखरूप बाहेर आले.

याज्ञवल्क्य स्मृतीच्या आचाराध्यायात राजधर्माच्या विवेचनात एक दृष्टान्त येतो. एका चाकाने जसा रथ चालत नाही, तसे पुरुषकाराविना दैव सिद्धीला जात नाही, असा त्याचा आशय आहे. नागपूरहून निघालेल्या विमानाच्या बाबतीत हा दृष्टान्त जवळजवळ शब्दशः समोर उभा राहतो. मोडक्या रथावर भरवसा ठेवून ‘बघू काय होते ते’ म्हणणे म्हणजे एका चाकावर रथ हाकणे. तो रथच सोडून, विमानाचे पोट आणि धावपट्टीवरचा फेस यांचा नवा आधार उभा करणे म्हणजे दुसरे चाक जोडणे. चाके वापरण्यापेक्षा ती न वापरणे अधिक सुरक्षित आहे हे ओळखणे, हाच त्या रात्रीचा पुरुषकार होता.

दैव म्हणजे काय

याज्ञवल्क्य स्मृती दैवाची व्याख्याही करते आणि ती ऐकून अनेकांना आश्चर्य वाटेल. तिच्या मते दैव म्हणजे पूर्वदेहात केलेला पुरुषकारच आता प्रकट झालेला. मराठवाड्याला लागून असलेल्या कल्याणीत, आजच्या बसवकल्याणात, चालुक्यांच्या राजधानीत विज्ञानेश्वराने याच स्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली. तिच्यामुळे ही स्मृती भारताच्या मोठ्या भागात कायद्याचा आधार बनली. दैव ही बाहेरून येणारी आंधळी शक्ती नाही, ते जुने कर्म आहे, हा विचार म्हणजे काही एखाद्या पंथाची विक्षिप्त कल्पना नव्हे. तो मुख्य प्रवाहातला आहे.

योगवासिष्ठात हाच मुद्दा अधिक जोराने येतो. मागचा प्रयत्न आणि आजचा प्रयत्न हे दोन मेंढे एकमेकांशी झुंजतात आणि त्यात ज्याचे बळ जास्त तो जिंकतो, असे वसिष्ठ रामाला सांगतात. महाभारताच्या अनुशासनपर्वात युधिष्ठिर भीष्मांना थेट विचारतो की दैव आणि पुरुषकार यांत श्रेष्ठ कोण. उत्तरात शेताची उपमा येते. पुरुषकार हे शेत आणि दैव हे बीज. दोन्ही एकत्र आल्याशिवाय पीक येत नाही.

विमानाच्या बाबतीत दैवाची ही व्याख्या लावून पाहिली की तिचा अर्थ उघड होतो. १९ जुलै १९८९ रोजी डेन्व्हरहून शिकागोकडे निघालेल्या युनायटेड एअरलाइन्सच्या डीसी-१० विमानाच्या शेपटीतील इंजिनाचा पंखा फुटला. उडालेल्या तुकड्यांनी तिन्ही हायड्रॉलिक यंत्रणा तोडल्या. विमानाला वळवणारे, वर-खाली नेणारे सगळे पडदे निकामी झाले. चौकशीत निघाले की फुटलेल्या टायटॅनियमच्या चकतीत ती घडवली गेली तेव्हापासूनच एक बारीक दोष होता. सतरा-अठरा वर्षे तो धातूत दडून होता, त्याची चीर वाढत गेली आणि तपासणीत ती नजरेतून सुटली. विमानात बसलेल्या प्रवाशाच्या दृष्टीने हे शुद्ध दैव होते. कारखान्यातल्या भट्टीजवळच्या आणि तपासणीच्या टेबलाजवळच्या माणसांच्या दृष्टीने तेच कधीकाळचे कर्म होते.

वेदान्तात प्रारब्धासाठी दोन दृष्टान्त वापरले जातात, धनुष्यातून सुटलेला बाण आणि कुंभाराने काठी काढून घेतल्यावरही फिरत राहणारे चाक. दोन्हींचा अर्थ एकच. सुरू झालेला वेग संपेपर्यंत थांबत नाही. बिघाड झालेले विमान हा असाच सुटलेला बाण आहे, मात्र त्याच्या पिसांशी माणूस बसलेला आहे. बाणाला परत धनुष्यात घालता येत नाही, पण तो कुठे आणि कसा पडावा यात त्या माणसाला काही करता येते. प्रारब्ध टळत नाही असे म्हणणारा आणि प्रयत्नाला जागा आहे असे म्हणणारा, दोघेही इथे एकाच वेळी बरोबर ठरतात.

याच्या उलट टोकाला प्राचीन आजीविक पंथाचा नियतिवाद होता. सगळे आधीच ठरलेले आहे, प्रयत्नाला स्थान नाही, अशी त्याची शिकवण. जैन आगमांपैकी ‘उपासकदशा’ या ग्रंथात सद्दालपुत्त नावाच्या आजीविक कुंभाराची कथा येते. महावीर त्याला विचारतात, ही मडकी प्रयत्नाने झाली की प्रयत्नाशिवाय? कुंभार म्हणतो, प्रयत्नाशिवाय, सारे नियतच आहे. मग महावीर विचारतात, कोणी येऊन तुझी मडकी फोडली, तर तू त्याचे काय करशील? कुंभार म्हणतो, मी त्याला शिक्षा करीन. त्या उत्तरातच त्याचा नियतिवाद मोडतो. आजच्या भाषेत सांगायचे, तर जो समाज अपघातानंतर चौकशी करतो, त्याने नियतिवाद मनातून सोडलेला असतो. सगळेच आधी ठरलेले असते, तर मोडलेला बोल्ट प्रयोगशाळेत तपासण्याला काही अर्थच उरला नसता.

गीतेची पाच कारणे

या चर्चेतले सर्वांत नेटके विवेचन गीतेच्या अठराव्या अध्यायात आहे. कोणतेही कर्म सिद्धीला जाण्यास पाच कारणे लागतात असे तिथे सांगितले आहे: अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी करणे, अनेक प्रकारच्या वेगवेगळ्या चेष्टा आणि पाचवे दैव. ज्ञानेश्वरीत या पाचांचा सविस्तर विस्तार आहे. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ मध्ये लिहिलेल्या आणि १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त ‘कर्मविपाक आणि आत्मस्वातंत्र्य’ असे एक स्वतंत्र प्रकरणच आहे. कर्माचे नियम अटळ असूनही माणसाला स्वतःला सुधारण्याचे स्वातंत्र्य उरते, हा त्यातला गाभा आहे.

ही पाच कारणे अडचणीत सापडलेल्या विमानावर एकेक करून ठेवता येतात. अधिष्ठान म्हणजे जिथे कर्म घडते ते स्थान: विमानाचा सांगाडा, धावपट्टी, त्या दिवशीचे हवामान. कर्ता म्हणजे वैमानिक, केबिन क्रू आणि नियंत्रण कक्षातला माणूस. करणे म्हणजे साधने: इंजिन, ब्रेक, रेडिओ, चेकलिस्टची वही. चेष्टा म्हणजे एकेक वेगळी हालचाल: एक हात नियंत्रणदांडा हलवतो, दुसरा पान उलटतो, मागे कोणी तरी एका आजीबाईंचा पट्टा घट्ट करतो. दैव म्हणजे या चौघांच्या हाताबाहेर उरते ते सारे. गीतेने दैव नाकारलेले नाही. पण तिने ते पाचव्या जागी ठेवले आहे. आधीची चार कारणे पुरी केल्याशिवाय पाचव्याचे नाव घेण्याचा अधिकार नाही, असा अर्थ या क्रमातून काढता येतो. अडचणीत सापडलेल्या वैमानिकासाठी तरी तो अर्थ अचूक आहे.

१९८९ च्या त्या डीसी-१० विमानाचे कॅप्टन अल हेन्स यांनी पुढे ठिकठिकाणी व्याख्याने दिली. त्यांनीही नेमकी पाचच कारणे सांगितली: नशीब, संवाद, पूर्वतयारी, अंमलबजावणी आणि सहकार्य. नशीब म्हणून त्यांनी जे मोजले ते असे. दिवसाउजेडाची वेळ होती. हवा स्वच्छ होती. विमान जिथे उतरले त्या सू सिटीतल्या रुग्णालयांत पाळी बदलण्याची वेळ असल्याने दोन्ही पाळ्यांचे कर्मचारी हजर होते. विमानतळावर नॅशनल गार्डची तुकडी कामावर होती. शिवाय वैमानिकांना शिकवणारे डेनी फिच त्या विमानात प्रवासी म्हणून बसले होते. ते पुढे आले आणि दोन उरलेल्या इंजिनांचा जोर कमी-जास्त करत विमान वळवू लागले.

हेन्स यांनी नशिबाला पहिले स्थान दिले, गीतेने दैवाला शेवटचे. हा विरोध वरवरचा आहे. हेन्स मागे वळून पाहत होते. आपल्यामुळेच सारे झाले असे म्हणण्याचा अहंकार टाळण्यासाठी नशीब आधी मोजणे योग्यच होते. गीता पुढे पाहणाऱ्या माणसाशी बोलते. त्याने दैव आधी मोजले, तर हात थांबतील. म्हणूनच त्याच अध्यायात पुढे, केवळ आपणच एकटे कर्ते आहोत असे समजणाऱ्याला नीट दिसत नाही, असेही सांगितले आहे. कर्म करताना दैव शेवटी, आणि श्रेय घेताना दैव आधी. हा क्रम सांभाळला की माणसाला आळसही शिवत नाही आणि गर्वही.

एका गोष्टीत गुंतलेले मन

गीतेत आसक्ती सोडण्याचा उपदेश वारंवार येतो. तो संन्याशांसाठी आहे असा समज आहे. विमान वाहतुकीच्या इतिहासात तो अगदी व्यावहारिक ठरला आहे. २९ डिसेंबर १९७२ च्या रात्री मायामीजवळ ईस्टर्न एअरलाइन्सच्या एका विमानात पुढच्या चाकाचा हिरवा दिवा लागला नाही. सगळा चालकवर्ग त्या दिव्याकडे वळला. विमानाची उंची हळूहळू कमी होत गेली, ते कोणाच्या लक्षात आले नाही आणि विमान दलदलीत कोसळले. शंभराहून अधिक माणसे गेली. दिव्यातला बल्ब उडालेला होता, इतकेच.

२८ डिसेंबर १९७८ रोजी पोर्टलंड येथे युनायटेड एअरलाइन्सच्या विमानात चाके उतरताना विचित्र धक्का बसला. कॅप्टन चाकांच्या काळजीत आणि प्रवाशांच्या तयारीत इतका गुंतला की घिरट्या घालता घालता इंधन संपले. विमानात १८९ जण होते, त्यांपैकी १० मरण पावले. कॉकपिटमधील इतरांनी इंधनाबद्दल सांगितलेही होते, पण ते पुरेशा ठामपणे सांगितले गेले नाही आणि पुरेशा लक्षपूर्वक ऐकलेही गेले नाही.

दोन्ही ठिकाणी चुकले ते ज्ञान नव्हे, ध्यान. मन एका गोष्टीला चिकटले आणि बाकीचे जग त्याच्यापुरते नाहीसे झाले. आसक्ती म्हणजे केवळ हाव नव्हे. भीतीनेही आसक्ती होते. फळाची चिंता जितकी मोठी, तितकी दृष्टी अरुंद. फळाची चिंता सोडून कर्म करावे, याचा अर्थ फळाबद्दल बेफिकीर राहावे असा नाही. फळाच्या भीतीने कर्माची दृष्टी अरुंद होऊ देऊ नये, असा तो आहे.

या अपघातांनंतर अमेरिकेत नासाने १९७९ मध्ये वैमानिकांच्या सामूहिक निर्णयपद्धतीवर परिषद घेतली. कॅप्टनचे ऐकणे जितके महत्त्वाचे, तितकेच कॅप्टनने इतरांचे ऐकणे महत्त्वाचे, हा धडा प्रशिक्षणात रुजला. १९८१ मध्ये युनायटेडने असे प्रशिक्षण सुरू केले. १९८९ मध्ये अल हेन्स यांनी आपल्या बचावाचे मोठे श्रेय त्याच प्रशिक्षणाला दिले. पोर्टलंडला गेलेल्या १० जणांच्या मरणातून शिकलेली गोष्ट सू सिटीला १८४ जणांच्या कामी आली. योगवासिष्ठाच्या भाषेत, मागच्या कर्माशी आजच्या प्रयत्नाने झुंज दिली आणि त्या झुंजीतून उद्याचे दैव घडले.

प्रार्थनेची जागा

प्रयत्न इतका महत्त्वाचा असेल, तर प्रार्थनेला काय अर्थ उरतो? ११ ऑक्टोबर २०२४ रोजी तिरुचिरापल्लीहून शारजाला निघालेल्या बोइंग ७३७ विमानात उड्डाणानंतर हायड्रॉलिक बिघाड झाला. आत सुमारे १४० प्रवासी होते. इंधन जाळण्यासाठी विमान दोन तासांहून अधिक काळ घिरट्या घालत राहिले आणि मग तिथेच सुखरूप उतरले. तो दिवस तमिळनाडूत आयुधपूजेचा होता. बंगालमध्ये दुर्गापूजेच्या मंडपांत महाष्टमी-महानवमीची आरती चालली होती आणि दुसऱ्या दिवशी महाराष्ट्रात दसरा होता. देशभर त्या दोन दिवसांत हत्यारे, अवजारे, वाहने यांची पूजा होत होती आणि आकाशात एका वाहनाचे अवयव साथ सोडत होते.

आयुधपूजेचा अर्थ नीट पाहिला, तर तिथे प्रार्थना आणि प्रयत्न वेगळे राहत नाहीत. कोलकात्यात सप्टेंबरमध्ये विश्वकर्मा पूजेच्या दिवशी कारखाने, गॅरेज आणि रिक्षाथांब्यांवर अवजारे धुऊन पुसून मांडली जातात. पाना, करवत यांना कुंकू लागते. त्या निमित्ताने प्रत्येक अवजार हातात घेतले जाते, त्याचा गंज पुसला जातो, सैल दांडा घट्ट केला जातो. साधनाला देवता मानणारा माणूस ते साधन निष्काळजीपणे वापरू शकत नाही. तिथे पूजेचा खरा हेतू देखभालीत उतरतो. न्यू टाउनमध्ये भारतीय नौदलात सेवा करून २०१७ मध्ये निवृत्त झालेल्या तुपोलेव्ह-१४२ जातीचे एक विमान संग्रहालय म्हणून जतन केले आहे. एकोणतीस वर्षे समुद्रावर गस्त घालणारी ही विमाने टिकली ती तंत्रज्ञांच्या रोजच्या हातांमुळे. गीतेतली ‘करणे’ अशीच जपावी लागतात.

या शहराजवळच, गंगेच्या काठी दक्षिणेश्वराला श्रीरामकृष्ण परमहंस राहत. त्यांनी सांगितलेली एक गोष्ट इथे पुरेपूर लागू पडते. सर्वांत नारायण आहे, हे गुरूकडून शिकलेला एक शिष्य रस्त्याने जात होता. समोरून माजलेला हत्ती येत होता. माहूत ओरडत होता, बाजूला व्हा. शिष्य हलला नाही, कारण हत्तीतही नारायण. हत्तीने त्याला उचलून फेकले. गुरूने त्याला समजावले की हत्ती नारायण होता हे खरे, पण माहूतही नारायणच होता आणि त्या नारायणाचे तू का ऐकले नाहीस? कॉकपिटमध्ये धोक्याची घंटा वाजते, चेकलिस्ट एक सांगते, नियंत्रक दुसरे सांगतो, शेजारचा सहवैमानिक हळू आवाजात तिसरे सांगतो. हे सारे माहूत नारायणाचे आवाज आहेत. देव आपल्याला वाचवील असे मानणाऱ्याने, देव ज्या आवाजांतून बोलतो ते आवाज ऐकणे ही त्याच्या श्रद्धेचीच अट आहे.

श्रीरामकृष्णांनीच स्वातंत्र्याची आणखी एक उपमा दिली, दावणीला बांधलेल्या गाईची. दोर जेवढा, तेवढी ती फिरू शकते. बिघाडानंतर दोर आखूड होतो, पण संपत नाही. इतर परंपराही याच ठिकाणी येतात. तिर्मिझीच्या संग्रहात पैगंबर मुहम्मद यांचे वचन आहे, त्याचा आशय असा की आधी उंट बांध आणि मग अल्लावर भरवसा ठेव. ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्टेटस समुद्रप्रवासाचे उदाहरण घेऊन सांगतो की नावाडी, खलाशी आणि दिवस निवडणे आपल्या हाती होते. वादळ आल्यावर नाव सांभाळणे हे नावाड्याचे काम. हा विचार प्रवाशाच्या धर्माचा आहे. मागच्या आसनावर बसलेल्या माणसाला विमान वळवता येत नाही. त्याने सूचना ऐकाव्यात, पट्टा घट्ट करावा, शेजारच्या लेकराला धीर द्यावा, बॅग उचलण्यासाठी वाट अडवू नये, आणि मग नामस्मरण करावे. चार गोष्टी झाल्यावरच्या त्या नामस्मरणाला खरी जागा आहे. ते भीतीने सैरभैर झालेले मन एका ठिकाणी आणते आणि शांत मन सूचना ऐकते.

फळ आणि निवाडा

शेवटचा प्रश्न सर्वांत कठीण आहे. सू सिटीच्या त्या विमानात २९६ जण होते. त्यांपैकी ११२ मरण पावले. कॉकपिटमध्ये कोणतीही कसूर झाली नव्हती. पंख टेकल्यावर विमान उलटले आणि फुटले. मग ते कर्म अयशस्वी मानायचे का? आणि गेलेल्यांबद्दल काय म्हणायचे?

कर्मसिद्धान्ताचा एक गैरवापर इथे रोखला पाहिजे. ‘ज्याचे त्याचे प्रारब्ध’ असे म्हणून मेलेल्यांच्या माथी त्यांचा मृत्यू मारणे ही क्रूर गोष्ट आहे आणि शास्त्रदृष्ट्याही ती कच्ची आहे. चकतीतला दोष प्रवाशांनी केलेला नव्हता. एकाचे कर्म अनेकांपर्यंत पोहोचते, हे विमानात उघड दिसते. शिवाय ज्या ग्रंथांनी दैवाला पूर्वीचा पुरुषकार म्हटले, त्यांनी ते आज प्रयत्न करावा म्हणून म्हटले, कालच्या दुर्दैवी माणसावर आरोप ठेवता यावा म्हणून नव्हे. कर्मसिद्धान्त पुढे पाहण्यासाठी आहे. तो स्वतःला लावायचा, दुसऱ्याला नाही. आज बोल्ट नीट घट्ट केला, तर उद्या अनोळखी माणसांचे दैव चांगले होईल, इतके सांगण्यापुरता तो खरा आहे आणि तेवढ्यासाठी तो फार मोलाचा आहे.

कर्म यशस्वी झाले की नाही, याचा निवाडा त्याच्या फळावरून करू नये, हा गीतेचा आग्रह इथे स्पष्ट होतो. नागपूरहून आलेल्या त्या विमानातील पाचही जण वाचले नसते, तरी चाके न काढण्याचा निर्णय योग्यच राहिला असता. सू सिटीला सर्वच्या सर्व वाचले असते, तरी हेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे काम आहे त्याहून श्रेष्ठ झाले नसते. कर्माची योग्यता चाके धावपट्टीला टेकण्याआधीच ठरलेली असते: काय ऐकले, काय तपासले, कोणाला विचारले, कुठे थांबले आणि मन कशाला चिकटू दिले नाही, यावर. टेकण्याच्या क्षणी जे होते त्यात दैवाचा वाटा असतो, म्हणूनच त्या क्षणावरून कर्त्याला तोलता येत नाही.

त्यामुळे ‘देवाने वाचवले’ आणि ‘पायलटने वाचवले’ ही दोन वाक्ये परस्परविरोधी नाहीत, पण ती एकाच पातळीवरचीही नाहीत. दुसरे वाक्य चार कारणांबद्दल आहे, पहिले पाचव्याबद्दल. कॉकपिटमध्ये ती याच क्रमाने खरी ठरतात. उतरून झाल्यावर कृतज्ञतेसाठी उलट्या क्रमाने म्हटली, तरी हरकत नाही. रथ मात्र दोन्ही चाकांवरच चालतो.